नऊ हजार रोपं आणि लोटूभाऊंचा भोंगा

लोटू चौधरींना चेहऱ्याने ओळखणारी माणसं बुऱ्हाणपुरात थोडीच असतील. पण इतवाऱ्यात चहाच्या टपरीवर त्यांनी नुसतं "एक कट" म्हटलं, की पाठमोरी बसलेली माणसं वळून बघायची. तो आवाज प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी जाऊन आलेला होता. अडतीस वर्षं लोटूभाऊंनी शहरात एलान केलं. आधी सायकलवर पत्र्याचा भोंगा बांधून, मग बॅटरीवरचं यंत्र घेऊन आणि शेवटची पंधरा वर्षं स्वतःच्या रिक्षावर दोन भोंगे लावून. साड्यांचा सेल, सर्कस, शिकवणीचे वर्ग, हरवलेली मुलं, आणि उद्या नळाला पाणी येणार नाही ही बातमी, सगळं त्यांच्या तोंडून शहराला कळायचं.

वरून बघणाऱ्याला वाटायचं, यात काय आहे, रिक्षा फिरवायची आणि ओरडायचं. पण लोटूभाऊंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. साड्यांचं एलान ते दुपारी अडीचनंतर करायचे, जेवणखाण आटोपून बायका ओट्यावर टेकल्या की. खतांचं सकाळी सातला, खेड्यांतून येणाऱ्या गाड्या थांबायच्या तिथे. लूमच्या मोहल्ल्यात तर यंत्रमाग सुरू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे ते रिक्षा बंद करून वीज जायची वाट बघत बसायचे. वीज गेली, माग थांबले, कारागीर घाम पुसत दारात आले, की लोटूभाऊ बटण दाबायचे. शहरात हिंदी बोलायचे आणि शाहपुरची हद्द लागली की आपोआप मराठीवर यायचे.

मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. त्यांचा आवाज बसला, आणि दुकानदार म्हणू लागले, "चाचा, अब तो सब मोबाइल पे डालते हैं." लोटूभाऊ कोणाशी भांडले नाहीत. रिक्षा विकली. आलेले पैसे मुलीच्या नर्सरीच्या शेडनेटला लावले. एक भोंगा भंगारात गेला. दुसरा मथुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ठेवून घेतला. कोठीत गहू ओतायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. नवरा तिथेच बसलेला असला तर जरा मोठ्याने.

मुलगी भूमिका आणि जावई ललित यांची नर्सरी शाहपुरच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या इच्छापुरच्या रस्त्यावर आहे. प्रयोगशाळेत तयार झालेली केळीची बोटभर रोपं आणायची, हिरव्या जाळीखाली दोन महिने पिशव्यांत वाढवायची आणि पाच-सहा पानांची झाली की शेतकऱ्याला विकायची, असा तो धंदा. दोन वर्षं ते दुसऱ्याच्या नावाने रोपं वाढवत होते. या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर नऊ हजार रोपं लावली. कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायच्या केळीसाठी, एका व्यापाऱ्याने सगळी घेतो म्हणून सांगितलं होतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, की दुसरीकडे सोय झाली आहे, माफ करा.

पिशवीतलं रोप थांबत नाही. सातवं-आठवं पान आलं की मुळं पिशवीत गोल फिरू लागतात, आणि असं रोप जाणता शेतकरी हातात धरत नाही. भूमिकाकडे फार तर तीन आठवडे होते. ललितला पिथमपूरच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलेलंच होतं. दोघांचं बोलून ठरलं, की ही खेप गेली नाही तर शेडनेट उतरवायचं आणि दिवाळीनंतर तिकडे राहायला जायचं. भूमिकाने हे आईला सांगितलं आणि आईने घरी येऊन लोटूभाऊंना. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नर्सरीवर जाऊन बसले.

"मामा, तुम्ही काळजी नका करू," ललित म्हणाला. "फेसबुकवर जाहिरात टाकून राहिलो. रोजचे तीनशे रुपये. फोटो टाकला, खाली फोन करायचं बटण दिलं. बघा आता कसा फोन वाजतो."

"आणि फोन उचलायचा कोणी?" भूमिकाने विचारलं. तिच्या हातात पाण्याची नळी होती. ललितला रोपांवर फवारणी करायची होती.

दोघांनी लोटूभाऊंकडे पाहिलं.

"माझा आवाज कुठे राहिला आता," ते म्हणाले.

"बाबा, फोनवर ओरडावं नाही लागत."

अशा रीतीने लोटूभाऊ फोनवर बसले. फोन खरंच वाजला. पहिल्या दिवशी अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी सोळा वेळा. ललित फवारणीचा पंप पाठीवर घेऊन लांबूनच अंगठा दाखवायचा. पण फोनवरचं बोलणं वेगळंच होतं. सतनाहून एक बाई विचारत होत्या, "भैया, गमले में लगेगा क्या?" भोपाळच्या एका गृहस्थांना गच्चीसाठी दोन रोपं हवी होती, कुरियरने. ग्वाल्हेरच्या एका तरुणाला हे केळं कच्चं खायचं की पिकवून, तेवढंच जाणून घ्यायचं होतं. लोटूभाऊंनी प्रत्येकाशी नीट बोलून घेतलं, आणि सवयीप्रमाणे एका जुन्या वहीत गाव लिहीत गेले. रिक्षावर असतानाही ते कुठे थांबलो ते लिहून ठेवायचे, म्हणजे त्याच गल्लीत पुन्हा शिरणं होत नसे.

चार दिवस झाले. एक रोप हललं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मथुराबाई डबा घेऊन आल्या. सगळे झाडाखाली भाकरी खायला बसले, तेव्हा लोटूभाऊंनी वही पुढे सरकवली.

"जावईबापू, एक विचारू का? मला यातलं कळत नाही. चूक असेल तर सांगा."

"विचारा ना मामा."

"सतना आहे. रिवा आहे. ग्वाल्हेर दोनदा आहे. यात रावेर नाही. मुक्ताईनगर नाही. एक पण फोन इच्छापुरच्या पुढचा नाही. आपण तिकडे बोललोच नाही का?"

ललितने घास तसाच ठेवला आणि मोबाइल काढला. बराच वेळ बोट वर-खाली करत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

"त्यांनी विचारलं होतं, जाहिरात कुठे दाखवायची. मी मध्य प्रदेश लिहिलं. आपण एमपीचे ना, म्हणून."

 रस्त्यावरून इच्छादेवीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या चालल्या होत्या. त्यातल्या निम्म्या गाड्यांचे नंबर महाराष्ट्राचे होते.

"म्हणजे जाहिरात इच्छापुरला जाऊन थांबली," भूमिका हळूच म्हणाली. "आणि वर पार ग्वाल्हेरपर्यंत गेली. अरे, तिकडे गहू पेरतात!"

"माझं माहेर रावेरकडचं," मथुराबाई म्हणाल्या. "माझ्या तिन्ही भावांच्या केळ्या आहेत. तीन दिवस विचार करत होते, एवढी जाहिरात चालली म्हणतात, मग माझ्या भावाला कशी नाही दिसली? पण मला कोण विचारतं! मी भोंग्याने गहू भरणारी."

ललितला हसूही येईना. "बाराशे रुपये गेले," तो म्हणाला.

"तू पाट सोडला," भूमिका म्हणाली. "एवढ्या मोठ्या रानात तीनशे रुपयांचं पाणी सोडलं, ते कुठल्याच मुळाशी पोचलं नाही. ठिबक पाहिजे होतं."

ही उपमा लोटूभाऊंना एकदम कळली. त्यांनी ललितजवळ सरकून त्याच्या मोबाइलमध्ये डोकावलं. राज्याचं नाव न लिहिता नकाशावर खूण करूनही जागा सांगता येते, असं ललितने दाखवलं. खूण करायची, आणि तिच्याभोवती किती किलोमीटरचा फेरा धरायचा ते सांगायचं. फेऱ्यातल्याच लोकांना जाहिरात दिसते.

"खूण कुठे करू? शाहपुरला?"

"इच्छापुरला," लोटूभाऊ म्हणाले. "आणि चाळीसचा फेरा घ्या. रावेर आलं पाहिजे, मुक्ताईनगर आलं पाहिजे. माणूस मोटरसायकलवर एका दमात येऊन रोप बघून परत जाईल, एवढंच अंतर पाहिजे. जो येऊ शकत नाही त्याला सांगून काय उपयोग?"

ललितने नकाशावर बोट टेकवलं. एक निळा गोल उमटला. राज्यांच्या हद्दीची रेघ त्या गोलाच्या मधून गेली होती, आणि गोलाला तिचं काहीच वाटत नव्हतं. लोटूभाऊ तो गोल बघतच राहिले. एवढा फेरा करायला त्यांना रिक्षाने तीन दिवस लागले असते.

कोणाला दाखवायची, तेही निवडता येत होतं. वय, शेतीची आवड, मराठी भाषा. "अरे, हे तर आपलंच काम," लोटूभाऊ म्हणाले, पण तेवढंच. मोबाइलला हात लावायला ते अजून बिचकत होते.

इथपर्यंत सगळं बरं झालं. मग लोटूभाऊंनीच चूक केली.

ललित म्हणाला, की फोटोऐवजी तुमच्या आवाजात व्हिडिओ करू. लोटूभाऊ नाही-नाही म्हणत तयार झाले, घरून धुतलेला सदरा घालून आले आणि रोपांसमोर उभे राहून त्यांनी जुन्या थाटात सुरुवात केली. ऐका हो ऐका, शाहपुर, इच्छापुर, रावेर व मुक्ताईनगर परिसरातील तमाम शेतकरी बंधू-भगिनींना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की... असं एक मिनिट वीस सेकंद चाललं. आवाज घोगरा होता, पण चढउतार अजून तसेच होते. भूमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. जाहिरात लावली.

दुसऱ्या दिवशी ललितने आकडे उघडले. जाहिरात किती जणांना दिसली, किती जण थांबले, किती जणांनी बटण दाबलं, हे सगळं कळतं. लोटूभाऊंना हे माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला.

"अठराशे लोकांना दिसली," ललित म्हणाला आणि थांबला.

"आणि?"

"शेवटपर्यंत ऐकणारे नऊ."

"त्यात एक मी," भूमिका म्हणाली.

"म्हणजे आठ," लोटूभाऊ म्हणाले. "आणि तुझी आई?"

"मी नाही ऐकलं शेवटपर्यंत," मथुराबाई म्हणाल्या. "मला पुढचं पाठ होतं."

लोटूभाऊ उठून रोपांच्या ओळींतून चालत शेवटपर्यंत गेले. अडतीस वर्षं ते बोलत आले होते, पण किती जणांनी ऐकलं, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. किती खिडक्या त्यांच्या आवाजाने उघडल्या आणि किती लागल्या, कोणास ठाऊक.  मग परत आले आणि बसता-बसता विचारलं, "उठून कधी जातात? म्हणजे, किती वेळाने?"

"बहुतेक जण तिसऱ्या सेकंदाला."

"तिसऱ्या?" त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "तेवढ्यात तर मी 'बंधू-भगिनींना'पर्यंत पण पोचत नाही."

पहिल्यांदाच ते स्वतःवर हसले.

रोपांना तोवर सहावं पान पुरतं उघडलं होतं. हातात आठ-दहा दिवस होते. ललितने नवा मजकूर लिहिला: सर्वोत्तम दर्जा, भरघोस उत्पन्न, खात्रीशीर रोपं. लोटूभाऊंनी तो दोनदा वाचला.

"चांगला आहे. पण हे तर सगळेच लिहितात ना? मी स्वतः पाच-पाच दुकानांसाठी एकच सांगायचो, सर्वात स्वस्त आणि सर्वात मस्त."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते. सहा पानं आली आहेत. आठ दिवसांत नेली तर चांगली रुजतील, नंतर पिशवीत म्हातारी होतील. येऊन मूळ बघून घ्या."

"मामा!" ललितने कपाळाला हात लावला. "आपला माल म्हातारा होऊन राहिला, हे आपणच सांगायचं? गिऱ्हाईक काय म्हणेल? भाव पाडून मागेल."

"मागेल, कदाचित. मला नक्की नाही सांगता येत." लोटूभाऊ अडखळत म्हणाले. "पण एवढं माहीत आहे. सेलचं एलान करायचो तेव्हा पोरं मागे धावायची, मोठी माणसं नाही. आणि उद्या नळ येणार नाही असं सांगायचो, तेव्हा बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. कारण त्यात तारीख असायची, आणि ते खरं असायचं."

वाद बराच चालला. शेवटी भूमिकाने तोडगा काढला. तीनशे रुपये दोघांत वाटायचे. दीडशेची ललितची जाहिरात, दीडशेची बाबांची. फेरा तोच, माणसं तीच. दोन दिवसांनी आकडे सांगतील ते खरं.

"सासऱ्या-जावयाची कुस्ती," मथुराबाई म्हणाल्या. "तिकीट लावा."

लोटूभाऊंचा नवा व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. त्यात ते दिसत नव्हते. नुसता त्यांचा हात होता, एक पिशवी फाडणारा, आणि पांढरी मुळं. पहिलाच शब्द होता "केळीची रोपं". तीन सेकंदांत पानांची गोष्ट सांगून झाली होती.

दोन दिवसांनी चौघं मोबाइलभोवती बसले. ललितच्या जाहिरातीवर सात जणांनी फोनचं बटण दाबलं होतं. लोटूभाऊंच्या जाहिरातीवर एकतीस जणांनी. पैसे दोन्हीला सारखेच लागले होते. जाहिरात दाखवण्याचे पैसे लागतात, त्यामुळे बघणाऱ्यांतले जितके जास्त जण फोन करतील तितका एकेक फोन स्वस्त पडतो, हे ललितने समजावून सांगितलं. त्याने स्वतःच आपली जाहिरात बंद केली आणि सगळे तीनशे सासऱ्यांच्या जाहिरातीवर लावले.

"हरलास का रे?" मथुराबाईंनी विचारलं.

"हरलो मामी. पण आपल्याच घरात हरलो."

फोन आता वेगळेच येत होते. अंतर किती, केळीची जात कोणती, मूळ दाखवाल का, आज संध्याकाळपर्यंत आहात का. पण फोन म्हणजे विक्री नव्हे, हे लोटूभाऊंना कोणी सांगायला नको होतं. एलान ऐकून दुकानात आलेला माणूस नुसता पंख्याखाली बसून गेल्याचं त्यांनी कितीदा पाहिलं होतं. दोन दिवस लोक आले, बघून गेले. सातशे रोपं गेली. सातव्या पानाची सुरळी दिसू लागली होती. भूमिका सकाळी रोपांत शिरताना मान वर करत नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक पिकअप येऊन थांबली. मुक्ताईनगरकडचे निंबा पाटील उतरले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी कोणाला विचारलं नाही, सरळ जाळीखाली शिरले, मधल्या ओळीतलं एक रोप उचललं आणि पिशवी फाडली. माती झटकून मूळ उजेडात धरलं. मग टोकाच्या ओळीतलं एक. मग पार मागच्या कोपऱ्यातलं एक.  

"सांगितलं तसंच आहे," पाटील म्हणाले. "भाऊ, व्हिडिओत बोलणारे तुम्हीच का?"

"हो. आवाज जरा बसलेला आहे."

"आवाजाचं काय करायचं? गेल्या वर्षी मी एका ठिकाणाहून रोपं आणली. एक नंबर, खात्रीशीर, असंच लिहिलेलं. निघाली आठ-नऊ पानांची, मुळं गुंडाळलेली. निम्मी रुजलीच नाहीत. तुमचं ऐकलं आणि बायकोला म्हटलं, हा माणूस स्वतःच्या रोपाला म्हातारं होईल म्हणतो, म्हणजे अजून झालेलं नसणार." त्यांनी हातातलं रोप हळूच खाली ठेवलं. "साडेतीन हजार द्या. आणि माझ्या चुलत्याला फोन लावतो, त्याची जमीन तयारच आहे."

"आणि भाव काय लावायचा?" ललितने घाबरत विचारलं.

"फोनवर जो सांगितला तोच. खरं बोलणाऱ्याशी घासाघीस करू का?"

चुलते दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्यामागून त्यांचे शेजारी. मथुराबाईंचा मधला भाऊही रावेरहून आला आणि बहिणीला म्हणाला, की तुझ्या नवऱ्याचा आवाज मोबाइलवर ऐकून मला आधी वाटलं, नळ जाणार आहेत. नवा व्हिडिओ लागल्यापासून आठव्या दिवशी जाळीखाली साडेतीनशे रोपं उरली. ती म्हातारी झाली होती. भूमिकाने ती कोणाला विकली नाही, नर्सरीच्या कुंपणाकडेला स्वतःच लावून टाकली.

त्या संध्याकाळी ललितने पिथमपूरला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मग शिडी लावली आणि वर चढला. लोटूभाऊ उठून शिडीखाली आले, पण तो जाळी उतरवत नव्हता. पावसाळ्यात एक कोपरा फाटला होता, तो शिवत होता. भूमिका प्रयोगशाळेशी फोनवर बोलत होती, पुढची खेप बारा हजारांची, असं काहीतरी.

लोटूभाऊंनी ललितचा मोबाइल हातात घेतला. आता ते बिचकले नाहीत. नकाशावरचा निळा गोल शोधून काढला आणि ओरडून विचारलं, "जावईबापू, हे बघा, जाहिरात दिवसातून कोणत्या वेळी दाखवायची ते आपल्याला ठरवता येतं का?"

"येतं मामा. का?"

"सकाळी सात ते नऊ ठेवा. शेतकरी मोटर सुरू करून बांधावर बसलेला असतो तेव्हा. आणि मग एकदम संध्याकाळी. मधे उगाच पैसे नका घालवू, तेव्हा त्याचे हात चिखलात असतात."

ललित शिडीवरूनच म्हणाला, "उतरल्यावर करतो. नाहीतर तुम्हीच करा, खाली डाव्या बाजूला आहे."

मथुराबाई रिकामा डबा पिशवीत भरत होत्या. नवऱ्याचं बोट डाव्या बाजूला काहीतरी शोधतंय, हे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"काय हो," त्या म्हणाल्या, "भोंगा परत पाहिजे का तुम्हाला? मी गहू वाटीने भरीन."

"राहू दे तुझ्याकडे," लोटूभाऊ म्हणाले आणि बोट टेकवलं. "त्याला आकडे येत नाहीत."